सस्पेन्शन लिफ्ट व बॉडी लिफ्ट

सस्पेन्शन लिफ्ट व बॉडी लिफ्ट : ट्रकची कारखान्यातून आलेली मूळ उंची वाढविण्याच्या दोन पद्धती. सस्पेन्शन लिफ्टमध्ये चाकांचे आस व चासी यांतील अंतर वाढवितात. बॉडी लिफ्टमध्ये चासी आहे त्या उंचीवरच ठेवून तिच्यावर बसविलेली बॉडी तेवढी वर उचलतात. मराठीत ट्रक म्हणजे मालवाहतुकीची अवजड गाडी असा अर्थ रूढ आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र पुढे चालकाची केबिन व मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप गाडीलाही ट्रकच म्हणतात. उंची वाढविण्याची प्रथा मुख्यत्वे याच गाड्यांच्या बाबतीत व याच देशात वाढीस लागली असल्याने प्रस्तुत नोंदीत ट्रक ही संज्ञा त्या अर्थाने वापरली आहे. दोन्ही पद्धतींनी गाडी बाहेरून सारखीच उंच दिसते. परंतु त्यांनी गाडीचे वेगवेगळे भाग उचलले जातात. त्यामुळे त्यांचे उपयोग, मर्यादा व धोकेही भिन्न आहेत.

पार्श्वभूमी : फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये आपल्या मॉडेल टी या गाडीला कारखान्यातच पिकअप हौदा बसवून ती विक्रीस आणली. शेतावर, खाणींत व कच्च्या वाटांवर अशा गाड्यांचा उपयोग होऊ लागल्यावर चारही चाकांना शक्ती पुरविण्याची गरज भासू लागली. मार्मन-हेरिंग्टन या कंपनीने १९३५ पासून फोर्ड ट्रकांचे तसे रूपांतर करण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी गाड्यांच्या अनुभवावर आधारलेली डॉज पॉवर वॅगन ही गाडी १९४६ मध्ये नागरी बाजारात आली. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७ मध्ये सुरू झालेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीमुळे खडतर भूमीवर गाडी चालविणे हा स्वतंत्र क्रीडाप्रकार म्हणून लोकप्रिय झाला. मिसूरी राज्यातील बॉब चँडलर यांनी १९७४ च्या फोर्ड एफ-२५० या पिकअपवरून तयार केलेली ‘बिगफूट’ ही प्रचंड चाकांची गाडी प्रसिद्धीस आली व त्यानंतर उंच ट्रक हा हौसेचाही विषय बनला. उंची वाढविण्यासाठी लागणारे सुटे भाग एकत्रित संचाच्या रूपात विकणारा मोठा व्यवसाय त्यातून उभा राहिला.

गाडीचे तीन थर : या दोन पद्धतींतील फरक समजण्यासाठी पिकअप गाडीची रचना तीन थरांची आहे असे मानणे सोयीचे होते. सर्वांत खालच्या थरात चाके, टायर व आस हे भाग येतात. दुसरा थर चासीचा. दोन लांब पोलादी तुळया व त्यांना जोडणारे आडवे दांडे यांची ही शिडीसारखी चौकट असते. एंजिन, गिअरपेटी, इंधनाची टाकी व मागे ओढगाडी जोडण्याचा आकडा हे भाग सामान्यतः चासीवर बसविलेले असतात. पहिला व दुसरा थर यांमध्ये पाटे किंवा मळसूत्री स्प्रिंगा आणि शॉक ॲब्झॉर्बर यांची निलंबन योजना म्हणजेच सस्पेन्शन असते. तिसरा थर बॉडीचा म्हणजे केबिन व हौदा यांचा होय. केबिन रबरी उशांवर ठेवून बोल्टांनी चासीला आवळलेली असते.

सस्पेन्शन लिफ्ट पहिल्या व दुसऱ्या थरांतील अंतर वाढविते, तर बॉडी लिफ्ट दुसऱ्या व तिसऱ्या थरांतील. जमीन व पहिला थर यांतील अंतर मात्र या दोहोंपैकी कशानेही वाढत नाही. ते केवळ टायरच्या त्रिज्येवर अवलंबून असते. उंची वाढविण्याच्या संपूर्ण विषयातील हा कळीचा मुद्दा आहे.

बॉडी लिफ्ट : या पद्धतीत बॉडी व चासी यांमधील रबरी उशांच्या जागी नायलॉन, पॉलियुरेथेन किंवा ॲल्युमिनियम यांचे ठोकळे घालतात व मूळ बोल्टांऐवजी अधिक लांब बोल्ट वापरतात. ठोकळ्यांची उंची बहुधा २·५ ते ७·५ सेंमी. (१ ते ३ इंच) असते. स्प्रिंगा, आस, शॉक ॲब्झॉर्बर व चाकांची भूमिती यांना हात लावावा लागत नाही. त्यामुळे गाडीच्या चालण्याचा मूळ गुण पुष्कळसा टिकून राहतो व खर्चही तुलनेने कमी येतो. चाकांवरच्या कमानी वर गेल्याने मोठे टायर बसण्यास जागा होते, हा या पद्धतीचा मुख्य लाभ होय.

तथापि काम दिसते तितके सोपे नसते. बॉडी वर जाते आणि एंजिन व गिअरपेटी खालीच राहतात. त्यामुळे त्यांना जोडणाऱ्या प्रत्येक भागाची तपासणी करावी लागते. स्टिअरिंगच्या मधल्या दांड्याची लांबी वाढवावी लागते. रेडिएटर बॉडीबरोबर वर जात असल्यास त्याचा पंख्याभोवतीचा झाकणपट्टा पंख्याला घासू नये म्हणून तो खाली सरकवावा लागतो. इंधन भरण्याची नळी, ब्रेकच्या नळ्या, विद्युत् तारा, गिअरचा दांडा व बंपरचे आधार यांचीही फेरजुळणी करावी लागते. चासी व बॉडी यांमध्ये पडलेली फट बाहेरून दिसते. अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे ठोकळ्याची उंची वाढेल तसा बोल्टावर पडणारा वाकविणारा भार वाढतो. अपघातात बॉडी पुढे ढकलली जाते, त्या वेळी हा भार फार मोठा असतो. जुन्या गाडीत बॉडीच्या बैठका गंजलेल्या असल्यास ही पद्धत टाळणेच योग्य ठरते.

ज्या गाड्यांत चासी व बॉडी एकसंध असतात, त्यांना बॉडी लिफ्ट करताच येत नाही. २००६ सालचे मॉडेल म्हणून बाजारात आलेली होंडा रिजलाइन किंवा २०२२ च्या मॉडेलपासून मिळू लागलेली फोर्ड मॅव्हरिक या पिकअप गाड्या अशा एकसंध रचनेच्या आहेत.

सस्पेन्शन लिफ्ट : या पद्धतीचे स्वरूप सस्पेन्शनच्या प्रकारावर अवलंबून असते. दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असतील व त्यावर पाटे बसविलेले असतील, तर अधिक कमानदार पाटे घालणे, पाट्यांच्या जुडग्यात आणखी एक पान वाढविणे, किंवा मागच्या बाजूस आस व पाटे यांमध्ये ठोकळा घालणे हे उपाय योजतात. पुढच्या आसावर असे ठोकळे घालणे धोक्याचे मानले जाते. कारण ब्रेक लावताना व वळताना तेथे मोठे पिळणारे बल निर्माण होते आणि ठोकळा निसटल्यास स्टिअरिंगवरील ताबा सुटतो. मळसूत्री स्प्रिंगा असल्यास त्यांऐवजी अधिक लांब स्प्रिंगा बसवितात. प्रत्येक वेळी त्या उंचीस योग्य असे लांब शॉक ॲब्झॉर्बर व लांब ब्रेकनळ्या घालणे आवश्यक असते.

अलीकडील बहुतेक पिकअप गाड्यांत पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होतात व डिफरन्शियल चासीला पक्के केलेले असते. येथे स्प्रिंगेच्या माथ्यावर चकती घालून ५ ते ७·५ सेंमी.पर्यंत उंची सहज वाढविता येते. मात्र चाकांना शक्ती नेणाऱ्या दांड्यांचे सांधे अधिक कोनात काम करू लागतात व चाकाला खाली जाण्यास मिळणारा वाव घटतो. याहून अधिक उंची हवी असल्यास चाकांचे आधारबाहू व डिफरन्शियल ही दोन्ही नव्या कंसांच्या साहाय्याने चासीच्या खाली उतरवितात. सांध्यांचे कोन त्यामुळे मूळ स्थितीच्या जवळ येतात. परंतु चासी जेवढी वर गेली तेवढेच डिफरन्शियल तिच्यापासून खाली आल्याने त्याची जमिनीपासूनची उंची होती तेवढीच राहते.

सस्पेन्शन लिफ्टचा परिणाम गाडीच्या संपूर्ण भूमितीवर होतो. गिअरपेटीकडून मागच्या आसाकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट १·५ मी. लांबीचा असेल व चासी १० सेंमी. उचलली, तर शाफ्टचा कल सु. ३·८ अंशांनी वाढतो. युनिव्हर्सल जॉइंटमधून कोनात शक्ती नेताना पुढील शाफ्टाचा वेग प्रत्येक फेऱ्यात कमीअधिक होतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन समान असतील, तरच ही अनियमितता नाहीशी होते. ते समान न राखल्यास कंप निर्माण होऊन सांधे व बेअरिंगा लवकर झिजतात. पुढच्या अखंड आसाचा मागे झुकलेला कल कमी झाल्यास वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची प्रवृत्ती मंदावते. आसाला आडवा आधार देणारा दांडा तिरका झाल्याने आस किंचित एका बाजूस सरकतो. स्टिअरिंगचा दांडाही तितकाच तिरका न राहिल्यास खड्ड्यातून जाताना चाके आपोआप वळू लागतात. चांगल्या संचांत हे सर्व दोष दूर करणारे भाग दिलेले असतात. केवळ ठोकळे वा चकत्या यांवर भागविणाऱ्या स्वस्त संचांत ते नसतात आणि दोन संचांच्या किंमतींतील फरक बव्हंशी याच भागांचा असतो.

जमिनीपासूनची मोकळी उंची : गाडी कोणत्या ठिकाणी अडते हे पाहिल्याशिवाय लिफ्टची निवड करता येत नाही. अखंड आसाच्या गाडीत सर्वांत खालचा भाग म्हणजे आसाच्या मध्यावरील डिफरन्शियलची पेटी. मार्गातील मोठा दगड तिला लागत असेल, तर १५ सेंमी. सस्पेन्शन लिफ्ट करूनही तो लागतच राहील. टायरचा व्यास ३१ इंचांवरून ३५ इंचांवर नेला, म्हणजे ७८·७ सेंमी.वरून ८८·९ सेंमी. केला, तर व्यासातील वाढीच्या निम्म्याने म्हणजे सु. ५ सेंमी.ने ही पेटी वर येते. दोन्ही प्रकारच्या लिफ्टचे आसापुरते कार्य एवढेच, की त्या या मोठ्या टायरला जागा करून देतात.

गाडीचे पोट उंचवट्यावर टेकत असेल, तर मात्र स्थिती निराळी असते. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ३·६ मी. व पोटाची उंची २५ सेंमी. असलेली गाडी सु. १६ अंशांपर्यंतचा उंचवटा न टेकता ओलांडू शकते. सस्पेन्शन लिफ्टने पोटाची उंची ३५ सेंमी. केल्यास हाच कोन सु. २२ अंश होतो. चढ सुरू होताना पुढचा व उतार संपताना मागचा भाग जमिनीला लागण्याचा संभवही त्यामुळे कमी होतो. बॉडी लिफ्टने पोटाखालची उंची मुळीच वाढत नाही, कारण चासी, गिअरपेटी व इंधनाची टाकी जागच्या जागी राहतात.

स्थैर्य : गाडी उलटण्याची प्रवृत्ती मोजण्यासाठी अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन स्थिर स्थैर्यांक वापरते व २००१ च्या मॉडेलांपासून त्यावर आधारित श्रेणी प्रसिद्ध करते. एकाच आसावरील दोन चाकांच्या मध्यांतील अंतरास गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले असता हा अंक मिळतो. तो जितका लहान तितकी गाडी उलटण्याची शक्यता अधिक. प्रवासी मोटारगाड्यांत तो बहुधा १·३ ते १·५ असतो, तर पिकअप व तत्सम उंच गाड्यांत १·० ते १·३ असतो.

उदाहरणादाखल चाकांतील अंतर १·७ मी. व गुरुत्वमध्याची उंची ७२ सेंमी. असलेली गाडी घेतल्यास तिचा स्थैर्यांक १·१८ येतो. तिच्यावर वर सांगितलेले मोठे टायर व १० सेंमी. सस्पेन्शन लिफ्ट बसविल्यास टायरमुळे सर्व गाडी ५ सेंमी. वर जाते. त्याखेरीज एकूण वस्तुमानाचा सु. चार-पंचमांश भाग स्प्रिंगांवर आहे असे धरल्यास गुरुत्वमध्य आणखी ८ सेंमी. चढतो, स्थैर्यांक १·०० होतो. त्याच टायरबरोबर ७·५ सेंमी. बॉडी लिफ्ट केल्यास केवळ बॉडीचे, म्हणजे सु. एक-तृतीयांश वस्तुमान उचलले जाते व स्थैर्यांक १·०७ वर राहतो. रुंद रिमांमुळे चाकांतील अंतर थोडे वाढून ही घट काहीशी भरून निघते; पण पूर्णपणे नव्हे. गाडी बहुधा सपाट कोरड्या रस्त्यावर उलटत नाही. ती रस्त्याच्या कडेची मऊ माती, दगडी कठडा किंवा खड्डा यांत आडवी घसरत जाऊन अडखळते व मग उलटते. अशा प्रसंगी गुरुत्वमध्याची प्रत्येक वाढलेली सेंटिमीटर महत्त्वाची ठरते. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून हलक्या वाहनांत सक्तीची झालेली विद्युत् स्थैर्यनियंत्रण यंत्रणा मूळ उंची व मूळ टायर गृहीत धरून जुळविलेली असते. म्हणून बदल केल्यावर ती तपासून घेणे इष्ट असते.

मोठ्या टायरचे परिणाम : कोणतीही लिफ्ट केली तरी तिच्यामागे मोठे टायर येतातच. व्यास ३१ वरून ३५ इंच केल्यास वेगदर्शक ताशी १०० किमी. दाखवितो तेव्हा गाडीचा खरा वेग सु. ११३ किमी. असतो. अंतिम दंतचक्रांचे ३·७३ हे गुणोत्तर प्रत्यक्षात ३·३० असल्याप्रमाणे काम करू लागते. चढावर व ओझे ओढताना एंजिन दमते. जड टायर थांबविण्यासाठी ब्रेकवर अधिक ताण पडतो. गाडीची जास्तीत जास्त भारमर्यादा मात्र कडक स्प्रिंगा घातल्या तरी वाढत नाही.

इतरांची सुरक्षितता : उंच गाडीचा धोका तिच्या चालकापुरता मर्यादित नसतो. मोटारगाड्यांचे बंपर जमिनीपासून ४०·६ ते ५०·८ सेंमी. (१६ ते २० इंच) या पट्ट्यात काम करतील अशी योजना असते. पिकअपची चासी मोटारगाडीच्या बंपरवरून आत घुसू नये, यासाठी अमेरिकेतील वाहन उत्पादकांनी २००३ मध्ये एक स्वेच्छा-करार केला. हलक्या ट्रकांचे धडक शोषणारे भाग या पट्ट्याशी पुरेसे जुळते ठेवण्याचे किंवा त्यांखाली दुय्यम आधार देण्याचे त्यांनी मान्य केले. सस्पेन्शन लिफ्टने चासीच वर जात असल्याने ही जुळणी बिघडते व समोरच्या लहान गाडीतील प्रवाशांना संरक्षण देणारा भाग निरुपयोगी ठरण्याचा संभव निर्माण होतो. बॉडी लिफ्टमध्ये चासी जागेवर राहते, ही तिची जमेची बाजू होय. हेडलाइट मात्र दोन्ही प्रकारांत वर जातात. त्यांचा झोत पुन्हा खाली वळविला नाही, तर समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात. बॉनेट उंच झाल्यामुळे गाडीच्या अगदी पुढे असलेले मूल चालकाला दिसत नाही, ही बाबही विसरता येत नाही.

कायदे : अमेरिकेत याविषयीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्निया राज्याच्या वाहनसंहितेत दोन्ही पद्धतींवर स्वतंत्र मर्यादा आहेत. प्रवासी मोटारींखेरीज इतर गाड्यांत चासीची जमिनीपासूनची उंची गाडीच्या एकूण भारमर्यादेनुसार २७, ३० किंवा ३१ इंचांहून (सु. ६८·६, ७६·२ किंवा ७८·७ सेंमी.) अधिक असता कामा नये. तसेच बॉडीचा तळ चासीच्या माथ्यापासून ५ इंचांहून (१२·७ सेंमी.) वर नसावा. पुढचा भाग उंच व मागचा खाली ठेवण्याच्या फॅशनविरुद्ध नॉर्थ कॅरोलायना राज्याने केलेला कायदा १ डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. १९७५ च्या वॉरंटीविषयक संघीय कायद्यानुसार बाहेरचे सुटे भाग वापरले एवढ्याच कारणावरून उत्पादकास संपूर्ण हमी नाकारता येत नाही. परंतु त्या भागांमुळे झालेल्या बिघाडाची जबाबदारी त्याच्यावर नसते.

भारतातही महिंद्रा थार, फोर्स गुरखा, टोयोटा हायलक्स यांसारख्या शिडीवजा चासीच्या गाड्या आहेत व तांत्रिक दृष्ट्या त्यांना दोन्ही पद्धती लागू पडतात. तथापि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या कलमाचा असाच अर्थ लावला. त्यामुळे परदेशातील पद्धतीचे येथे अनुकरण करणाऱ्या मालकाने नोंदणी व विमा यांवर होणारा परिणाम आधी विचारात घ्यावा लागतो.

निवड : वरील विवेचनावरून निवडीची काही सूत्रे सांगता येतात. गाडी मुख्यत्वे पक्क्या रस्त्यावर चालत असेल, ती ओझे ओढत असेल व थोडे मोठे टायर एवढीच गरज असेल, तर ५ सेंमी.पर्यंतची बॉडी लिफ्ट पुरेशी असते. आकडा चासीवर असल्याने तीत ओढगाडीची पातळीही बदलत नाही. खडकाळ वाटा, खोल चाकोऱ्या व नाले यांतून नित्य जाणे असेल आणि गाडीचे पोट टेकत असेल, तर सस्पेन्शन लिफ्टला पर्याय नाही. मात्र शाफ्ट, स्टिअरिंग व शॉक ॲब्झॉर्बर यांच्या दुरुस्तीसह पूर्ण संच घेणे आवश्यक ठरते. आसच अडत असेल, तर खरी गरज टायरची असते व त्यास जागा होईल एवढीच लिफ्ट करावी. मोठ्या टायरसाठी ५ सेंमी. सस्पेन्शन लिफ्ट व २·५ ते ५ सेंमी. बॉडी लिफ्ट एकत्र करण्याचाही प्रघात आहे. दोन्ही बदल आपापल्या सौम्य मर्यादेत राहत असल्याने एकाच पद्धतीने मोठी उंची गाठण्यापेक्षा सांध्यांवर व बोल्टांवर ताण कमी पडतो. केवळ दिसण्यासाठी उंची वाढविणाऱ्याला त्याच्या मोबदल्यात स्थैर्य, ब्रेकची क्षमता व इंधन यांची किंमत मोजावी लागते. म्हणून पद्धत कोणतीही असो, काम भागेल अशी कमीत कमी उंची हीच योग्य उंची समजली जाते.